पूर्वेची गॅलरी

"शिव्या द्यायला तरी आत जाऊ द्या, सर," हरिप्रिया म्हणाली. शेषाद्रीने मान हलवली आणि स्टेडियमच्या गेटवरून तिलाही परत फिरवलं. चेन्नईच्या पार टोकाला, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून अर्धी रजा टाकून, फुटबॉल क्लबची हिरवी जर्सी चढवून आली होती बिचारी. पण आज पाठीराख्यांचा बहिष्कार होता, शिव्यासुद्धा द्यायच्या नव्हत्या. मालकाला टीव्हीवर फक्त रिकाम्या खुर्च्या दिसायला हव्या होत्या. ती रस्त्यापलीकडे गेली, पण घरी काही गेली नाही. तिच्या आधी परत फिरवलेले सगळे तिथेच घुटमळत होते.

सीझनची शेवटची मॅच होती आणि क्लब लीगच्या तळाला होता. तळाला म्हणजे पार गाळात. गोल मारणारा एकुलता एक पोरगा मालकाने ऐन सीझनमध्ये विकून टाकला. कोच बदलला, मग बदललेला कोचही बदलला. तिसरा आला त्याला आपल्या खेळाडूंची नावंसुद्धा धड घेता येत नव्हती. पाठीराख्यांनी भेट मागितली, फलक धरले, घसा बसेपर्यंत ओरडले. वरून उत्तर एकच, धीर धरा. अरे, धरायचा तरी किती! ज्याने सबंध वर्षात स्टेडियमचं तोंड पाहिलं नाही त्या मालकाने धीराच्या गोष्टी सांगाव्यात, याचाच शेषाद्रीला जास्त संताप यायचा.

शेषाद्री एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसात होता. क्लब निघाला तेव्हापासून पूर्वेच्या गॅलरीत त्याची हजेरी कधी चुकली नव्हती. मुलीच्या साखरपुड्याला पाहुण्यांची पंगत बसवून हा गृहस्थ मॅचला पळाला होता. त्याच्या बायकोने, विजयलक्ष्मीने, त्यावरून त्याला आजवर सुनावायचं सोडलेलं नाही. अशा माणसाने बहिष्कार म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? गॅलरीत ढोल वाजवणारा वेंकट तेवढा कुरकुरला. खेळणारी पोरं पोरकी पडतील आत, म्हणाला. शेषाद्रीने त्याला झापलं. पोरकी केली ती मालकाने, आपण नाही.

आतून सुरुवातीची शिट्टी ऐकू आली. एरवी त्या शिट्टीला गॅलरी अशी उसळायची की बाहेर उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणाऱ्याला ओरडून भाव सांगावा लागायचा. आज काहीच नाही. शेषाद्रीची छाती फुगली. त्याने विजयलक्ष्मीला फोन लावला आणि घरच्या तंजावरी मराठीत सांगितलं, एक देखील माणूस आत गेला नाही बघ.

"तुम्ही मराठी?" शेजारून कोणीतरी विचारलं.

इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीचा माणूस होता. गळ्यात फीत, तिचं कार्ड शर्टाच्या खिशात. नाव सांगितलं बाळकृष्ण, गाव कोल्हापूर. झालं! चेन्नईत जन्म गेलेल्या शेषाद्रीला घराबाहेर मराठी ऐकायला मिळणं म्हणजे सण. त्यात हा कोल्हापूरचा, तालमींच्या फुटबॉल संघांवरून पेठापेठांत भांडणं पाहत वाढलेला. त्याने बाळकृष्णाला ओढतच कॉफीच्या गाडीवर नेलं. माणूस पेपरचा बातमीदार असावा, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. आपल्या भाषेतल्या माणसाला कोण चौकशा विचारत बसतो? मग मालक, कोच, विकलेला पोरगा, सगळं पोटातलं ओठावर आलं. तमिळ वळणाच्या त्या जुन्या मराठीला बाळकृष्ण मन लावून ऐकत होता. त्याचा चेहरा मात्र उतरत चालला होता.

मध्यंतर झालं तरी शेषाद्रीचं संपेना. बाळकृष्णाने दोनदा विचारलं की अजून अर्धी मॅच बाकी आहे, आता तरी कोणी आत जाणार नाही का? शेषाद्रीला वाटलं, हा आपल्या निश्चयाची परीक्षा बघतोय. तो म्हणाला, पाहिजे तर माझं बोलणं मोबाईलवर घ्या. बाळकृष्ण नको नको म्हणत होता. शेषाद्रीने हट्टच धरला, शर्टाची कॉलर नीट केली आणि मोबाईलकडे बघून ठणकावलं, "या गावांत या क्लबाला आतां कोणी देखील उरलेला नाही. मालकाला कळों दे."

बोलून त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने आणखी दोन कॉफ्या सांगितल्या. बाळकृष्णाने आपला पेला तोंडाला लावलाच नाही. आतून शेवटची शिट्टी झाली तेव्हा त्याने खिशातलं कार्ड बाहेर काढून शेषाद्रीसमोर धरलं. कार्ड पेपरचं नव्हतं, लीगच्या ऑफिसचं होतं.

"सांगायला नको खरं तर, पण तुम्ही आपले म्हणून सांगतो," तो म्हणाला. "इथं क्लबला कोणी बघायला येत नाही, तो दुसऱ्या शहरात हलवू द्या, असा मालकांनी आमच्याकडं अर्ज केलाय. आमच्यातल्या कुणालाच ते खरं वाटत नव्हतं. म्हणून मला बघायला पाठवलं."

शेषाद्रीने बाळकृष्णाचं मनगट धरलं आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मॅच संपली तरी ती माणसं तिथून हलली नव्हती. फुटपाथ हिरव्या जर्सींनी भरून गेला होता, बसस्टॉपवर उभं राहायला जागा नव्हती.

"हे कोण मग?" त्याने विचारलं. "हे सगळे क्लबाचेच ना?"

बाळकृष्णाने तिकडे पाहिलं.

"मला आतले मोजायला सांगितलंय, काका."