पाइपातली ओवी

कापडाची कड दोन बोटांत धरून सरदारबीनं ती उजेडाकडं फिरवली. दगड लागून फाटलेलं कापड असं नसतं. त्याला दशा सुटतात, कड उंदरानं कुरतडल्यासारखी होते. ही कड सरळ होती. कुणीतरी पातं फिरवलं होतं, तेही तिच्या शिवणीला अगदी लागून.

"चाची, हा पाइप म्हणजे आतल्या माणसांचं नाक आहे," शेजारी उभा असलेला नंदीश म्हणाला. बोगद्यावरचा तरुण इंजिनिअर. "ब्लोअर ह्यातून ताजी हवा आत ढकलतो, तेव्हा कुठं सुरुंगाचा धूर बाहेर पडतो. विषारी असतो तो. आणि तुमची शिलाई काही टिकत नाही. शिवून झालं की खरं काय ते सांगा. हात चालत नसेल तर दुसरा माणूस बघतो. कुणी मुद्दाम करत असेल तर त्याला आजच घरी पाठवतो."

तो ऑफिसकडं निघून गेला. सरदारबी वाकून पाइपात शिरली.

तिच्या शिलाईला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. नळदुर्गच्या हायवेवर तिच्या नवऱ्यानं, वजीरनं, जन्मभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या. जाड कापडातून दाभण कसं काढायचं, मेणाचा दोरा कुठवर ओढायचा, हे ती त्याच्याच शेजारी बसून शिकली. वजीर गेला. लेक अनिसा हैदराबादला नांदते. घरात आता चूल बोलेल तेवढंच बोलणं. मग डोंगरातून नवी रेल्वे निघाली, बोगदा खणायला लागले, आणि हा कापडी पाइप शिवायला तिला जीप न्यायला येऊ लागली.

लोखंडी कड्यांवर ताणलेला पिवळा पाइप, माणूस आत बसेल एवढा. ब्लोअर बंद झाला की ती बाहेरच्या तोंडाशी आत बसायची. पिवळा उजेड अंगावर सांडायचा. कुणी बघायला नाही, कुणी ऐकायला नाही. घरी मिटलेलं तोंड तिथं आपोआप उघडायचं.

*फाटलं मी शिवू किती, दोरा सरला रिळाचा*
*धनी न्हाई माझ्या घरी, दिवा कुणाला सांजेचा*

मधेच ती वजीरला चार गोष्टी ऐकवायची. गुडघा दुखतोय म्हणून. लेकीचा फोन येत नाही म्हणून. तू आधी गेलास, लई शाना झालास म्हणून.

आज मात्र ती गप्प होती. सुरुंगाचे दगड उडतात ते पाइपाच्या आतल्या टोकाशी. मग ह्या चिरा सगळ्या तोंडाशीच कशा, तिच्या हाताला येतील अशा जागी?

पाइपाच्या तोंडाशी सावली पडली. शरणबसप्पा, आतल्या टोळीचा मुकादम, राज्याच्या सरहद्दीपलीकडचा माणूस. मिशीवर दगडाची पांढरी भुकटी. तो उकिडवा बसला.

"अक्का, म्या कापलंय ते."

सरदारबीनं दाभण खाली ठेवलं. "माझ्याशी कसलं वैर हाय मुकादम तुमचं?"

"वैर कसलं. पाइप फाटला तरच तुमाला बोलावत्यात. ब्लोअर बंद झाला की तुमचा आवाज ह्या पाइपातनं सरळ आत येतोय. पोरं समदी झारखंडची, ओडिशाची. त्यास्नी मराठी कळत न्हाय. तरी टोप्या काढून बसत्यात. बाई काय म्हणती, मला इचारत्यात."

"मग?"

"मी म्हणतो, पाळणा म्हणती." तो जमिनीकडं बघत राहिला. "जरा सुखाचं म्हणत जावा. खोटं बोलाया मला लई जड जातंय."

सरदारबीचे कान तापले. डोक्यावरचा पदर भरबाजारात घसरावा तसं झालं तिला. वजीरशी बोललेलं सगळं डोंगरानं ऐकलं होतं. मग त्या लाजेच्या खालून हळूच ऊब वर आली. कुणीतरी ऐकत होतं. एवढी वर्षं भिंतीशी बोलली, आणि इथं एका अंधारात माणसं टोप्या काढून बसत होती. तिला हसू आलं. शेवटचं कधी हसली होती ते तिला आठवेना.

मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं, आणि हसू विझलं.

"ब्लोअर बंद झाला की समद्यांनी भाईर यायचं असतंय न्हवं? हवा खराब हुती म्हणून?"

शरणबसप्पा टोपीचा पट्टा चाळवू लागला. "यायचं असतंय."

"आन् येत न्हाईत."

"भाईर तुमचा आवाज येत न्हाय अक्का. पाइपात तोंड करून बोलताव, ते आतच जातंय. मग पोरं बसत्यात तोंडाला गमजा बांधून. धूर आसला तरी—"

त्याला खोकला आला. दगडी, लांब, पोटातून उपटून येणारा. सरदारबी तो खोकला शेवटपर्यंत ऐकत बसली.

मग तिनं चीर शिवली. दुहेरी टाका घातला, प्रत्येक गाठ दातांनी आवळली. तोंडातून एक शब्द काढला नाही. आत खोल अंधारात कुणीतरी खाकरलं, आणि पुन्हा सगळं शांत झालं. आत कशाची वाट बघणं चाललं आहे ते आता तिला कळत होतं. दोरा तोडून ती बाहेर आली.

नंदीश आलाच. "बोला चाची. काय खरं?"

शेजारी शरणबसप्पा पायातल्या बुटांकडं बघत उभा होता.

सरदारबीनं दाभण पदराला पुसलं. वजीर आज असता तर ती आता जे सांगणार होती ते ऐकून त्याची मान खाली गेली असती.

"माझीच शिलाई कच्ची हाय साहेब," ती म्हणाली. "दुसरा माणूस बघा. फकस्त गाणारा बघू नका."