जातो म्हणू नये

हंबीररावांनी पायताण पायात सरकवलं, तरी तानाबाई तशाच उभ्या होत्या. दही-साखरेची वाटी त्यांच्या हातातच होती. घरातून कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या हातावर दही घालायचं, हा त्यांचा नेम. पोराच्या दहावीच्या पेपरापासून म्हशीच्या खरेदीपर्यंत सगळं त्या दह्यावर पार पडलं, असं त्यांचं ठाम मत. आणि आज, नवऱ्याच्या काळजात स्प्रिंग बसवायची त्याच दिवशी, डॉक्टरांनी पोटात पाण्याचा थेंबसुद्धा नको म्हणून सांगितलं होतं.

आता भिस्त होती ती शब्दावर. निघणाऱ्यानं उंबऱ्यावर ‘येतो’ म्हणायचं, घरच्यांनी ‘या’ म्हणायचं. ‘जातो’ हा शब्द काढायचाच नाही. त्यातून लहान लेकरानं ‘या’ म्हटलं तर मग काळजीच नको. लेकराच्या तोंडचं खोटं होत नाही.

लेकरू घरात एकच. चार वर्षांची नात संयोगिता, एका पायात मोजा घालून पायरीवर बसली होती.

“संयू, आबास्नी म्हण, लवकर या.”

संयूनं आधी आबांना खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. “आबा, स्प्रिंग घातल्यावर तुम्ही उड्या मारणार?”

“मारणार की! रंकाळ्याला फेरी मारू, उड्या मारतच,” हंबीरराव म्हणाले. त्यांनी एका हातानं चौकट धरली होती, ती मात्र सोडली नाही.

“ते ऱ्हाऊ दे. म्हण बघू, आबा, या.”

“आबा, जावा,” संयू म्हणाली.

चादरीची पिशवी खांद्याला अडकवत असलेली सून वर्षाराणी पुढं आली. “काय बोलतीयास, संयू? या म्हण!”

“न्हाय. जावा. आबा, तुम्ही पण म्हणा, जातो म्हणा.”

तानाबाईंचा हात उगारला गेला. आजवर कधी त्यांनी नातीला चापटसुद्धा मारली नव्हती. तो हात त्यांनी कसाबसा आवरला आणि तिच्या तोंडावर दाबून धरला. गेलेला शब्द काही परत तोंडात कोंबता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

“आई, आवर की!” गल्लीतून मुलगा धैर्यशील ओरडला. “गाडी आडवी हाय, मागनं हॉर्न मारायल्यात!”

“येतो,” हंबीरराव म्हणाले. फक्त बायकोकडं बघून म्हणाले.

“या,” तानाबाई म्हणाल्या, पण मोठ्यानं नाही. “येतो, आत्ती,” म्हणून वर्षाराणीही त्यांच्या मागोमाग उतरली. गाडी हलली तशी संयूनं आजीचा हात तोंडावरून ओढून काढला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं.

“आबा खोटं बोलले! येतो म्हणाले आणि गेले!”

घरात आल्यावर तानाबाई भिंतीला टेकून बसल्या. अंबाबाईला नारळ बोलून झाला होता, जोतिबाच्या डोंगराला पायी खेटे घालायचं बोलून झालं होतं. तरी कानात एकच घुमत होतं, जावा, जावा. दवाखान्यातून फोन यायचा होता. तो येऊ नये असंही वाटत होतं आणि एव्हाना यायला हवा होता असंही. शेवटी त्यांना राहवेना.

“का म्हणालीस गं तसं? आबा परत यायला नकोत व्हय तुला?”

संयू चकित झाली. “पायजेत की! म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

“मम्मी शाळंत सोडताना म्हणती, आलो हं लगेच. येतच न्हाय. पप्पा येतो म्हणतोय, आणि मी झोपल्यावर येतोय. आणि दुधाचा ज्ञानूकाका?”

“त्याचं काय आता?”

“त्यो म्हणतोय, जातो वो आज्जी. तू रोज वरडतीस त्याला. तरी रोज येतोय की!”

तानाबाईंना हसू फुटलं. खरंच की, त्या ज्ञानूला शब्द बदल म्हणून सांगून सांगून त्या थकल्या होत्या, आणि पठ्ठ्या पावसापाण्यात एक दिवस चुकला नव्हता. मग हसता हसताच त्यांची नजर मांडीवरच्या दह्याच्या वाटीवर गेली. गेल्या दिवाळीत धाकट्या दिराच्या हातावर त्यांनी याच वाटीतलं दही घातलं होतं. ‘येतो, वहिनी,’ म्हणाला होता. त्यांनी ‘या’ म्हटलं होतं, चांगलं मोठ्यानं. पुण्याच्या रस्त्यावर गाडी उलटली, ती बातमी तेवढी घरी आली होती.

फोन वाजला.

“आत्ती, आत न्यायल्यात त्यास्नी,” वर्षाराणी घाईनं म्हणाली. “बोला, बोला.”

“काय गं, रडतीयास व्हय?” हंबीररावांचा आवाज लांबून आल्यासारखा बारीक येत होता. “काय हुत न्हाय मला. बरं, येत—”

“आवं!” तानाबाई एकदम म्हणाल्या. “तसं नको. जातो म्हणा.”

“आँ?”

“जातो म्हणा की एकदा!”

पलीकडं ढकलगाडीची चाकं खडखडली. कुणीतरी फोन बंद करा म्हणत होतं. संयूनं वाटीत बोट बुडवलं होतं, ते तिनं तोंडात घातलं नाही. ती आजीच्या तोंडाकडं बघत राहिली.

“जातो गं,” हंबीरराव म्हणाले.

तानाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“जावा,” त्या म्हणाल्या.