नावं काढल्याचा हुकूम

बालाघाटाच्या पायथ्याशी पोलिसांच्या जीपचा धुरळा दिसला आणि बायडाबाईनं नेहमीसारखी थाळी बडवली. पारध्यांच्या पालांतले सातही गडी अनवाणी डोंगराकडं पळाले. चोरी कुठं झाली, हे पळताना कुणी विचारत नसतं.

जमादार खाली उतरला. "भिऊ नको, मावशे. तुझ्या लेकीनं, संगीतानं, चार वर्षं अर्ज केलते ना? संशयितांच्या यादीतून तुमच्या गड्यांची नावं काढलीत. हुकूम ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा हाय. कुठं गेलीत समदी?"

बायडाबाईनं हातातली थाळी पाठीमागं लपवली. आजवर मार खाऊनही तिनं एकच उत्तर दिलेलं, तेच तोंडातून निघालं. "ठावं न्हाई, सायेब."

जमादारानं बॉनेटवर कागद ठेवून सातही हुकुमांवर शेरा मारला.

'इसम फरार.'