लाल फीत

दुकानदाराने छतात बसवायच्या हवेच्या जाळ्या काउंटरवर मांडल्या. "ही घ्या ताई. छताच्याच रंगाची, आवाज म्हणून नाही. बाळाच्या खोलीत हवा येतेय हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

नवऱ्याला ती पाहताक्षणी आवडली. बायकोची नजर मात्र कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या पत्र्याच्या जाळीवर खिळली होती. "हवा चालू असली की ती खडखडते ना?"

"खडखडते तर! म्हणून तर कुणी हात लावत नाही तिला."

"मग तीच द्या. आणि तिला एक लाल फीत बांधून द्या, हवा आली की हलत राहील अशी."

नवरा हसला. "अगं, सगळं घर देखणं करायचं आणि पाळण्यावर हे बुजगावणं टांगायचं? आल्यागेल्याने नावं ठेवावीत अशी हौस आहे का तुला?"

"ठेवू देत," पोटावरून हात फिरवत ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "थोरली गेली त्या दुपारी खोलीतली हवा बंद पडली, तेव्हा काही दिसलं नव्हतं, काही ऐकू आलं नव्हतं. किती शहाण्यासारखी निजलीय, म्हणून आपण दोघांनी कौतुकाने दार ओढून घेतलं होतं."

नवऱ्याने हातातली देखणी जाळी हळूच खाली ठेवली. मग दुकानदाराकडे न बघताच म्हणाला, "फीत जरा लांब बांधा. दारातून दिसली पाहिजे."