एकाच नंबराची शाळा

अख्ख्या शाळेला चष्मा लागला होता, आणि तोही एकाच नंबराचा.

चष्मेवाल्या काकूंनी वही पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. चाळीस वर्षं त्यांनी चष्म्यांचं दुकान चालवलं होतं. ते लेकाच्या हाती सोपवल्यावर घरी बसून सुनेचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून त्या गावोगावच्या शाळांत फुकट डोळे तपासत फिरायच्या. पण असला प्रकार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. भिंतीवर तक्ता होता, त्यावर तीन दात्यांची चिन्हं, वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली. दाते जिकडे, तिकडे हात करायचा, इतकं सोपं. वरच्या चार ओळी अडतीसही मुलांना बिनचूक आल्या. खालच्या तीन ओळींत अडतीसही चुकली, आणि सगळी नेमकी त्याच त्याच चिन्हांना.

शेवटी त्यांनी दोन वेण्यांच्या एका चुणचुणीत मुलीला जवळ बोलावून विचारलं. तिने आढेवेढे न घेता सांगून टाकलं. डोळ्यांची परीक्षा आहे म्हणून सरांनी आठवडाभर पाठ करून घेतलं होतं, रोज पाढ्यांच्या आधी. वर, उजवीकडे, खाली, खाली.

काकूंना हसू आवरेना. मास्तर एकटेच चारही वर्ग सांभाळत आणि त्यांच्या शाळेतलं एकही पोर आजवर कुठल्याच परीक्षेत नापास झालेलं नव्हतं. दाराशी उभे होते, तेही ओशाळून हसले. तक्ता आठ दिवस आधी टपालाने आला होता. सोबतच्या सूचनेप्रमाणे त्यांनी तो टांगला, वीस फुटांवर खडूने रेघ ओढली, आणि रेघेवर उभं राहून स्वतः वाचून दाखवला.

काकूंचं हसू तिथेच थांबलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तक्ता उलटा टांगून त्यांनी सगळ्या मुलांना पुन्हा तपासलं. चौघांना चष्मा हवा होता, बाकीच्यांची नजर घारीची निघाली. मग मुलांना मैदानात पिटाळून त्यांनी मास्तरांपुढे खुर्ची सरकवली.

मास्तर टाळाटाळ करू लागले. म्हणे माझं वय ते काय, आणि फळ्यावर तर रोज मीच लिहितो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. ही कारणं त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकली होती. पुढचं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

"मला नीट दिसत नाही असं वर कळलं, तर मला घरी बसवतील," मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "इथे दुसरं कोणी यायला तयार नाही, बाई. शाळेला कुलूप लागेल."

माणूस तोऱ्याने नाही, भीतीने आडवा येतोय, हे तेव्हा काकूंच्या ध्यानात आलं. त्यांना त्याची फार माया वाटली.

"वही मुलांची आहे, तिच्यात तुमचं नाव कशाला येईल?" त्या म्हणाल्या. "आणि चष्मा लागला म्हणून कोणी घरी बसवत नाही, मास्तर. तसं असतं तर निम्मी ऑफिसं ओस पडली असती. बसा बघू."

मास्तर बसले. नंबर निघाला तो अख्ख्या शाळेचाच. काकूंच्या पेटीत तेवढ्या नंबराचा एक तयार चष्मा होता, जाड काळ्या काड्यांचा. त्यांनी तो रुमालाने पुसून मास्तरांच्या नाकावर बसवला.

घंटा झाली, मुलं आत येऊन बसली. मास्तर टेबलामागे उभे राहिले, पण पुस्तक काही उघडेनात. ते शेवटच्या बाकाकडे बघत राहिले. पाच पावलांपर्यंतचं पोर त्यांना नीट दिसायचं, त्यापलीकडची पोरं ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मागच्या बाकावरची तिघं मुळातच मख्ख, असं त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"तुम्ही रोज असेच हसत बसता?" त्यांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"रोज, सर," त्यांच्यातली एक म्हणाली. "गणिताचा तास सोडून."