दोनशे चित्रं

"उघडली का सीडी?" दुकानाच्या पायरीवरूनच डेव्हिड सरांनी विचारलं.

"अजून नाही, सर."

राहुरीत मोबाईलचं दुकान टाकल्यापासून निकितानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण वीस वर्षांपूर्वीची सीडी मोबाईलवर चालव म्हणून पिच्छा पुरवणारे हे वांबोरीचे निवृत्त शिक्षक पहिलेच.

सीडी पहिलीच्या पोरांसाठी केलेली. कॉम्प्युटरवर चित्रावर क्लिक केलं की शब्द ऐकू यायचा. दोनशे चित्रं, दोनशे शब्द, आणि आवाज सरांच्या बायकोचा, रेबेकाबाईंचा. ती चालवणारा घरातला जुना कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजत होता.

"चित्रं मोठी कर बरं," सर म्हणाले. "हात थरथरतो."

सरांच्या दोन्ही हातांत टपरीवरच्या चहाचे काठोकाठ भरलेले ग्लास होते. थेंब सांडला नव्हता. एक ग्लास ते नेहमीप्रमाणे बाहेर रिक्षात देऊन आले. रिक्षावाल्याचे काय हे लाड, निकिताला वाटलं.

"तीन वर्षं घरात तिचा शब्द न्हाई," सर परत येऊन म्हणाले. "एक गोष्ट विचारायचीय तिला. उत्तर तिच्याच आवाजात ऐकायचंय."

निकिताला भरून आलं. गेलेल्या माणसाला विचारून काय उपयोग, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

मग मात्र ती हात धुऊन त्या सीडीच्या मागे लागली. एकेक शब्द सोडवून घेतला, एकेका चित्राखाली बसवला. आठवडा गेला.

शनिवारी सरांनी मोबाईलवर बोट ठेवलं.

"पाणी," आतून खणखणीत आवाज आला.

सरांनी डोळे पुसले. मोबाईल छातीशी धरून ते बाहेर पडले.

चार्जर राहिला म्हणून निकिता मागोमाग धावली. रिक्षावाला हनुमंत रस्त्यापलीकडे तंबाखू मळत उभा होता. सर मात्र रिक्षात वाकून कुणाशी तरी बोलत होते.

आत गळ्याला रुमाल गुंडाळलेली एक बाई बसली होती. सरांनी मोबाईल तिच्या मांडीवर ठेवला.

"सांग आता. चहा आणू, का पाणी?"

थरथरतं बोट चित्रांवरून फिरलं, एका चित्रावर टेकलं.

"चहा," रेबेकाबाई म्हणाल्या.