हंगाम तिसरा

जन्मस्थळ: इल्फर्ड, लंडन.

"मग हा परदेशी कसा?" सुचेताने तिसऱ्यांदा विचारलं.

"आई, जन्म नाही बघत ते. ट्रेनिंग कुठे झाली ते बघतात." क्षितिज सोफ्यावर आडवा पडून छताकडे बघत होता. किटबॅग दाराशी भरून तयार होती. "एकवीसच्या आधी इथल्या क्लबात तीन सीझन रजिस्टर पाहिजे. नाहीतर ओव्हरसीज. आणि ओव्हरसीजच्या जागा फुल आहेत. तिकडचा ब्रॅड आहे ना, सिडनीचा, तो सतरा वर्षाचं असताना इकडे आला. तर तो लोकल आणि मी फॉरेनर."

"सतरा वर्षांचा असताना," सुचेता सवयीने म्हणाली.

उत्तरेकडच्या त्या रग्बी लीग क्लबाने आज पाच वाजेपर्यंतची मुदत दिली होती. तीन हंगामांचा पुरावा आला तर करार. नाही आला तर बाकीच्या क्लबांतही परदेशी जागा भरलेल्याच होत्या. क्षितिज तेवीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार?

हंगाम पहिला: वय सोळा. ब्रिस्टल. कागद आहे.

हंगाम दुसरा: वय अठरा. ब्रिस्टल. कागद आहे. त्यानंतर ऑस्ट्रेलिया; तिथून तो गेल्या महिन्यात परतला होता.

हंगाम तिसरा:

मधलं सतरावं वर्ष सुचेताने खाल्लं होतं. ए-लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, अभ्यास म्हणून तिने स्वतः ब्रिस्टलच्या क्लबाला पत्र लिहिलं होतं, माझ्या मुलाला या वर्षी मैदानात पाय ठेवू देऊ नका. त्याऐवजी दर रविवारी अवधूत त्याला गाडीने बाथला गणिताच्या शिकवणीला न्यायचा. सरांच्या घरात हीटर लावत नाहीत असं कळल्यावर तिने मोहरी रंगाचा स्वेटर विणून दिला. शिकवणीनंतर बापलेक पोहून यायचे, ओल्या केसांनी, आणि जेवायला बसले की पोळ्या पुरायच्या नाहीत. एवढं करून गणितात सी.

सकाळीच नागपूरहून थोरल्या जाऊबाई श्यामलावहिनींचा फोन येऊन गेला होता. त्यांचा नकुल क्षितिजच्याच वयाचा. "तुमचा निदान मैदानावर तरी जातो गं. आमचा खुर्चीतून हलत नाही. ते ए-लेव्हलचं वर्ष आठवतं? तिकडे फिरायला बोलावतो म्हणून अवधूतभाऊजींनी त्याचा जन्मदाखला मागवून घेतला होता. पठ्ठ्याने आजतागायत पासपोर्ट काढला नाही!"

"मी क्लबाला मेल करते," सुचेता म्हणाली. "जुनी रजिस्टरं असतील त्यांच्याकडे."

"कशाला?" अवधूत स्वयंपाकघरातून म्हणाला. तो संत्रं सोलत होता. "तुझंच पत्र सापडेल त्यात. जुने कोच वारले. नव्या सेक्रेटरी बाईंना काय माहीत असणार?"

"एखादी मॅच तरी खेळला असेल ना रे, चुकून?"

क्षितिजने बापाकडे पाहिलं. "जाऊ दे ना आई. मी आहे फॉरेनर. ओके?"

"माझ्यामुळे."

अवधूतने संत्रं तिच्यापुढे आणून ठेवलं. हे तिसरं. आधीची दोन तशीच सोललेली पडली होती.

तिने मेल लिहिला. चूक आईची आहे, मुलाची नाही. आमच्या घरच्या पत्त्यावर त्या वर्षी काहीही सापडलं तर कृपा करून कळवा.

चार वाजले. सव्वाचार. सुचेता लेकाच्या पायाशी येऊन बसली.

"माझं चुकलं रे. एक वर्ष खेळू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आई, प्लीज." तो ताडकन उठून बसला. "सॉरी नको म्हणू. तू नको म्हणू." आणि बाथरूममध्ये जाऊन त्याने नळ सोडला.

"अवधूत, तू तरी बोल काहीतरी."

"बोलून आता काय होणार?" अवधूत म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "पाच वाजू देत."

पाचला दहा कमी असताना उत्तर आलं.

'माफ करा, त्या वर्षी क्षितिजची नोंद नाही. तुमचं पत्र फायलीत आहे आणि आमच्या लोकांनी ते पाळलेलं दिसतं. मात्र तुमच्या पत्त्यावर दुसऱ्या एका मुलाची नोंद सापडली. नाव नकुल. अठराच्या अठरा सामने खेळला, वर्षातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. पालकाची सही अवधूत यांची आहे. नकुलला पत्र हवं असेल तर पाचच्या आत नक्की देते. बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो सोबत जोडला आहे.'

सुचेताने फोटो उघडला.

चिखलाने माखलेल्या पोरांच्या मधोमध नकुल कप उंचावून हसत होता. अंगात तिने विणलेला मोहरी रंगाचा स्वेटर होता.